लाड नव्हेत ते!

मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. रस्ता मी कधी पाहिला नाही. अग्निशमन केंद्राच्या सराव-खोलीत, खिडकीखाली, जागच्या जागी फिरण्यातच माझा जन्म गेला.

मित्रांनो, माझे चाक भरीव लोखंडाचे. सुरुवातीची बरीच वर्षे माझा मोठा मान होता. तेव्हाच्या प्रशिक्षकांना सगळे काका म्हणत. जड सरावाच्या दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाला माझ्यावर बसवत. "पंधरा मिनिटं. गप्पा मारता येतील इतकंच हळू," असे बजावत. आखडलेल्या मांड्या मोकळ्या होत आणि कण्हत आलेली माणसे हसत उतरत.

काका निवृत्त झाले. नवे साहेब आले. "हे कसले लाड?" म्हणाले, आणि माझ्यावर ओले गणवेश वाळू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

मग एक मुलगी भरती झाली. पहिल्याच आठवड्यात ती सरावासाठीचा, माणसाएवढा साठ किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन सहा वेळा जिना चढली. दुसऱ्या दिवशी ती कठडा धरून, तिरकी होत एकेक पायरी उतरत होती.

"साहेब, आज पाय उचलतच नाहीत."

"दुखतंय? मग आणखी चढ. सवय होईल."

ती चढली. वळणावर गुडघ्याने दगा दिला आणि पुतळ्यासकट ती गडगडत खाली आली. भिंतीपलीकडून तो आवाज मी ऐकला. घोटा मुरगळला, तीन आठवडे गेले.

स्वयंपाकघरातल्या मावशी तरातरा आल्या. माझ्यावरचे गणवेश त्यांनी साहेबांच्या हातात कोंबले. "काकांच्या काळात एकही पोर असं पडलं नव्हतं. त्या पंधरा मिनिटांना लाड म्हणता?"

साहेबांनी ते गणवेश दोरीवर नेऊन टाकले. मुलगी बरी होऊन परतली, तेव्हा रोजच्या सरावाच्या तक्त्यात माझी पंधरा मिनिटे लिहिलेली होती. पुढे परीक्षेत तिने तोच पुतळा वरपर्यंत नेला. एका दुपारी साहेबही लंगडत आले, इकडेतिकडे बघून माझ्यावर बसले. मी चाक फिरू दिले. करकरले मात्र भरपूर.

मित्रांनो, दुखणाऱ्या अंगाला हळूच हलवा, दरडावू नका. सूज असेल, कळ येत असेल तर माझ्यावर बसूच नका, डॉक्टरांकडे जा. एवढी साधी गोष्ट पटायला एका मुलीला जिन्यावरून पडावे लागले, हा राग माझ्या लोखंडातून अजून गेलेला नाही.