कंडक्टरबाईंचा उजवा डोळा

आमच्या हॉस्पिटलात मला ‘पापणीवाल्या बाई’ म्हणतात. डोळ्यांच्या विभागातले बाकीचे सगळे डोळ्याच्या आत काम करतात, मी बाहेर. लोंबणाऱ्या पापण्या, न मिटणाऱ्या पापण्या, त्यांच्यावरच्या गाठी, आणि डोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसलेला असतो ती खोबण, एवढं माझं राज्य. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. “इतकी वर्षं शिकलीस आणि शेवटी नुसत्या पापण्या?” असं ती पाहुण्यांसमोर म्हणते. तिचं मी मनावर घेत नाही. आमच्या विभागप्रमुखांचं मात्र लागतं. ते माझ्या खोलीला ‘ब्युटी पार्लर’ म्हणतात, आणि ऑपरेशन थिएटर कुणाला कधी द्यायचं ते त्यांच्या हातात आहे.

कंडक्टरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काळा चष्मा लावून आल्या होत्या. बरोबर त्यांची नणंद. खुर्चीत बसायच्या आधीच बाई म्हणाल्या, “मला फक्त एक सर्टिफिकेट हवंय.”

“कसलं?”

“मी रागीट नाही म्हणून.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नणंदेने सगळं सांगितलं. वहिनी बसमध्ये तिकिटं फाडतात. गेल्या काही महिन्यांपासून प्रवासी तक्रारी करायला लागले होते, की ही बाई डोळे वटारून बघते, अंगावर येते. एका म्हाताऱ्या आजोबांनी तर “सुट्टे नाहीत म्हणून इतकं खाऊ की गिळू करायचं काय कारण?” असं डेपोत जाऊन सांगितलं. डेपोच्या साहेबांनी बाईंना चौकशीच्या खिडकीमागे बसवलं आणि डोळे दाखवून या म्हणून सांगितलं.

“आणि मी तर त्यांना सुट्टे नसू देत म्हटलं होतं,” कंडक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला. दोन्ही डोळे पुढे आलेले, वरच्या पापण्या इतक्या वर चढलेल्या की काळ्या भागाच्या वरही पांढरं दिसत होतं. चेहरा हसरा होता, पण डोळे भांडायला निघालेले. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी बिघडली की काही जणांना असं होतं. डोळ्यामागचे स्नायू सुजतात, हाडाच्या खोबणीत जागा उरत नाही, मग डोळा पुढे ढकलला जातो. हे मी रोज बघते. पण मी लाल झाकणाची औषधाची बाटली त्यांच्यासमोर धरली, आधी डाव्या डोळ्यापुढे, मग उजव्या, आणि विचारलं, “रंग सारखाच दिसतो?”

“उजव्याने विटका दिसतो,” त्या म्हणाल्या. “धुऊन धुऊन गेल्यासारखा. बसमध्येही लाल तिकीट आणि गुलाबी तिकीट माझं एक व्हायला लागलं होतं. मला वाटलं, छपाईच खराब आहे.”

रंग विटणं याचा अर्थ सुजलेले स्नायू डोळ्याच्या नसेला आवळत होते. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहिला नव्हता, बघण्याचा झाला होता. मी त्यांना त्याच दुपारी वॉर्डात भरती केलं आणि सूज उतरवणारं औषध सलाइनमधून सुरू केलं.

औषधाने थोडा फरक पडला, मग थांबला, मग परत रंग विटायला लागला. आता एकच उपाय होता. खोबणीच्या भिंतींचं हाड थोडं काढायचं, म्हणजे डोळ्याला मागे सरकायला जागा मिळते आणि नस सुटते. हे लांबवून चालत नाही. मी विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये गेले.

“या आठवड्यात?” सर म्हणाले. “या आठवड्यात मोतीबिंदूचं शिबिर आहे. थिएटर पूर्ण भरलंय.”

“सर, नस दाबली जातेय. थांबलं तर डोळा जाईल.”

“अहो, तुमच्या एका केसला अख्खी सकाळ लागते. तेवढ्या वेळात मी दहा-बारा म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढतो. लांबून आलेत बिचारे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे आहेत. त्यांना काय सांगू? पापणीचं काम आहे, परत जा?”

“पापणीचं काम नाहीये हे.”

“तुमच्याकडचं सगळं पापणीचंच असतं,” ते हसले. वाईट माणूस नाही हा, हेच तर त्रासाचं. ते म्हातारे खरेच होते. बाहेर बाकांवर बसले होते, नातवंडांचे हात धरून. त्यांच्यासमोर उभं राहून मी कुठल्या तोंडाने भांडणार होते? “पुढच्या आठवड्यात पहिली केस तुमची,” सर म्हणाले. “दिला शब्द.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी शब्द पाळला. सकाळी थिएटर मोकळं होतं, भूल देणारे डॉक्टर आले होते, कंडक्टरबाई हिरवा गाऊन घालून उपाशीपोटी बाकावर बसल्या होत्या. आणि थिएटरच्या सिस्टर मला दारातच अडवून म्हणाल्या, “मॅडम, ड्रिल नाहीये.”

खोबणीची नाकाकडची भिंत अंड्याच्या टरफलासारखी पातळ असते, ती चिमट्यानेही निघते. पण कानाकडची जाड असते. तिथे हाड घासायला ड्रिल लागतं. आमच्याकडे ते एकुलतं एक.

“नाहीये म्हणजे?”

“दुरुस्तीला गेलंय.”

“कधी गेलं? मला कुणी सांगितलं का नाही?”

“मला तरी कुठे सांगितलं? कपाट उघडलं तर रिकामं.”

मी स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाले म्हणाले, वर्कशॉपला विचारा. वर्कशॉपवाले म्हणाले, आम्ही बाहेर पाठवलंय, आता ते स्टोअरच्या अखत्यारीत. मी परत स्टोअरमध्ये. तिथल्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि फार शांतपणे विचारलं, “मॅडम, दुसऱ्या कशाने नाही का होत?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या थिएटरला निघून गेले.

बाकाजवळ आले तर कंडक्टरबाई गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. “आज नाही ना?” त्यांनीच विचारलं.

नणंद उभी राहिली. ती इतके दिवस माझ्याशी अदबीने वागणारी बाई, पण आता तिचा बांध फुटला. “हा काय पोरखेळ आहे का हो? आधी जागा नाही, आता मशीन नाही. उद्या म्हणाल डॉक्टरच नाहीत! वहिनीला काल माझा चेहरा उजव्या डोळ्याने दिसला नाही, माहितीये तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. मी तिथेच, त्या पॅसेजमध्ये, बाईंचा डावा डोळा हाताने झाकला आणि माझी बोटं समोर धरली.

“किती?”

“हात आहे,” त्या म्हणाल्या. “बोटं नाही सांगता येत.”

मग मी डावा तपासला. लाल झाकण त्यालाही आता थोडं फिकं दिसायला लागलं होतं.

खालच्या मजल्यावर जबड्याच्या हाडांचा विभाग आहे. तिथला सर्जन माझ्या कॉलेजचा. त्याला सगळे ‘जबडा’ म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणवून घेतो. त्याच्याकडे थिएटरही आहे आणि ड्रिलही, हे मला आठवड्यापूर्वी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरही चिडले होते. जिने उतरून गेले तेव्हा तो एका तुटलेल्या जबड्याला तारा बांधून नुकताच मोकळा झाला होता.

“ड्रिल दे,” मी म्हटलं.

“गुड मॉर्निंग तुलाही.”

मी सगळं एका दमात सांगितलं. त्याने मास्क खाली ओढला. “ड्रिल वर नेलंस तर माझे साहेब माझं डोकं खातील. एका विभागाची वस्तू दुसऱ्या विभागात म्हणजे सह्यांचा महापूर.”

“मग?”

“मग पेशंट खाली आण की! वस्तू कुठेच जात नाही. माझं थिएटर दुपारनंतर रिकामं असतं. भुलीचं मी बघतो. तुझ्या सरांना विचारलंस का?”

“नाही.”

“विचारू नकोस,” तो म्हणाला. “नंतर सांग.”

त्याच दुपारी आम्ही कंडक्टरबाईंना खाली नेलं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छोटा छेद घेतला, डोळा सांभाळून बाजूला धरला, आणि जाड हाड ड्रिलने थोडं थोडं घासत पातळ केलं. जबडा पाण्याची धार सोडत होता आणि अधूनमधून विचारत होता, “अजून किती आत? इथे मेंदू आहे ना मागे?” “आहे. म्हणून गप्प बस.” मग नाकाकडची पातळ भिंत काढली, अगदी मागे, नसेपर्यंत. शेवटी डोळ्यामागच्या चरबीवरचं आवरण चिरलं तशी ती पिवळी चरबी त्या नव्या जागेत हळूच उतरली, आणि डोळा मागे बसला. गर्दीत अवघडून उभ्या राहिलेल्या माणसाला बसायला जागा मिळावी, तसा. मग दुसरा डोळा. त्या खोलीत मी चिडलेली नव्हते. तेवढे तास सोडले तर त्या अख्ख्या महिन्यात मी चिडलेलीच होते.

काही दिवसांनी सूज ओसरली. डाव्या डोळ्याला रंग परत आले, लाल रंग लालच दिसायला लागला. उजव्याला माणसाची आकृती कळायला लागली, दार कुठे आहे ते कळायला लागलं. त्यापुढे काही आलं नाही. बसच्या पाटीवरचा नंबर त्या डोळ्याला आता कधीच दिसणार नव्हता.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, “आपल्या विभागाने एक अवघड केस यशस्वी केली, मॅडमचं अभिनंदन.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हटलं, “अर्धी यशस्वी, सर. उजवा डोळा गेला. तोही आपल्याच विभागाने घालवला.” टाळ्या थांबल्या. सरांनी पुढचा विषय घेतला.

तपासणीला आल्या तेव्हा कंडक्टरबाईंनी नणंदेला बाहेर बसायला सांगितलं. डोळे आत बसले होते, चेहरा ओळखू येत होता. त्यांनी मला सरळ विचारलं, “पहिल्या आठवड्यात केलं असतं, तर उजवा राहिला असता?”

‘सांगता येत नाही’ हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. आम्हाला शिकवलेलं उत्तर. आणि ते पूर्ण खोटंही नाही.

“बहुतेक राहिला असता,” मी म्हटलं.

त्यांनी पिशवी उचलली आणि निघून गेल्या. दाराशी नणंदेने “काय म्हणाल्या?” असं विचारलेलं मला ऐकू आलं, उत्तर ऐकू आलं नाही. पुढच्या तारखेला त्या आल्याच नाहीत. त्यांच्या पापण्या अजून वर होत्या, रात्री नीट मिटत नव्हत्या, त्या खाली आणायचं छोटं ऑपरेशन बाकी होतं. मी फोन केला तर नणंदेने उचलला आणि म्हणाली, “वहिनी म्हणतात, तुमच्याकडे नाही करायचं.”

राग यायला हवा होता, आला नाही. त्यांचं बरोबर होतं.

आमचं ड्रिल दुरुस्त होऊन परत आलं, पण त्याचं टोक दुसऱ्याच मशीनचं निघालं. तेव्हापासून अशी केस आली की मी पेशंटला सरळ खाली नेते. सरांनी त्याबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. मी दिलेला नाही. समोरासमोर विचारलं तर देईन म्हणते, ते विचारत नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी मान वर केली तर कंडक्टरबाई समोर उभ्या. एकट्याच. डेपोत चौकशीच्या खिडकीवर कायमची नेमणूक झाली होती. बसमधल्यासारखी मजा नाही, पण पाय दुखत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, “दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन आले. दोघेही म्हणाले, हे काम फक्त त्या बाई करतात.”

“बसा ना.”

“बसते. पण माझा राग गेलेला नाही, सांगून ठेवते.”

“माझाही नाही,” मी म्हटलं.

त्या बसल्या. मी पापण्या किती वर आहेत ते मोजलं, डोळे मिटायला सांगितले, थेंब घातले. गुरुवारी दुपारी जबड्याच्या थिएटरमध्ये जागा होती. मी त्यांना तसं सांगितलं.

“गुरुवारी नक्की?” त्यांनी विचारलं.

“प्रयत्न करते,” मी म्हटलं. “नक्की काहीच नसतं इथे.”

त्यांनी डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “उपाशी यायचं ना?” आणि किती वाजल्यापासून ते नीट विचारून घेतलं.