सासूबाईंची कवळी

युद्धात घर गेलं, गल्ली गेली आणि सासूबाईंची कवळीही गेली. दुपारी जेवून आडव्या होताना त्यांनी ती काढून पेल्यात ठेवली होती. तेवढ्यात समोरच्या इमारतीवर तोफगोळा पडला. जीव मुठीत घेऊन पळताना सुनेनं कागदपत्रं घेतली, औषधं घेतली, शिवणकामाची कात्रीसुद्धा घेतली. पेल्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

आता परमुलखात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघी राहत होत्या. सासूबाई म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. त्यांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंही ताठ बसायची. त्याच बाई आता तोंडावर रुमाल धरून खिडकीशी बसून राहत. दुधात पाव भिजवून चार घास खात. रविवारी मुलाचा फोन यायचा. तो तिकडेच अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला थांबला होता. फोन वाजला की त्या हातानंच खुणावत, झोपलेय म्हणून सांग. बोबडं बोलणं ऐकून पोराचा जीव खालीवर होईल, ही धास्ती.

बंद पडलेल्या पोस्टाच्या इमारतीत मदतकेंद्र होतं. निर्वासितांसाठी ते एक निवृत्त नर्स चालवायची. सगळे तिला नर्सताई म्हणत. एकदा तिनं सुनेला विचारलं, "तुला काय हवंय? संकोच नको करूस."

सुनेच्या ओठावर शिवणयंत्र होतं. आठवडाभर तिनं तेच घोकलं होतं. पण बाहेर पडलं भलतंच.

"ताई, आमच्या आईंना कवळी मिळेल का?"

नर्सताईनं यादी वरखाली केली. ब्लँकेट होतं, साबण होता, कवळी कुठेच नव्हती. तिनं तिथल्या तिथे फोन उचलला. पलीकडे लांबच्या एका गावातल्या चर्चचे पाद्री होते. तिचं म्हणणं ऐकून ते एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगताय ना? मग मला काय विचारायचं! करून टाका."

सून बघतच राहिली. "ते आम्हाला ओळखतसुद्धा नाहीत!"

"मला ओळखतात," नर्सताई हसली. "पहिल्या वर्षी त्यांनी ट्रकभर जुने कोट धाडले, तेही ऐन उन्हाळ्यात. मी सरळ कळवलं, आधी विचारत जा. दुसरा कोणी फुगून बसला असता. हा माणूस स्वतः आला, आठ दिवस इथे भांडी घासली, सगळं डोळ्यांनी बघून गेला. तेव्हापासून चर्चची माणसं वर्गणी काढतात आणि काय घ्यायचं ते माझ्यावर सोडतात."

घरी मात्र सासूबाई अडून बसल्या. "तिकडे माणशं मरतायत, आणि माझ्या दातांशाठी लोकांनी खर्च करायचा?"

शेवटी नर्सताई स्वतः जिना चढून आली. "बाई, केंद्रात चाळीस पोरं पाढे विसरत चाललीत. मला शिक्षिका हवीय. रुमालामागून पाढे शिकवणार आहात का?"

बाईंनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

दंतवैद्याकडे चार खेपा झाल्या. कवळी बसली त्या दिवशी जिना उतरताना सासूबाईंनी सुनेकडे निरखून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बाहीची टीप वाकडी आलीय. शिवणारणीला शोभतं का हे?"

सून पायरीवरच बसली. हसू आणि रडू एकदमच फुटलं. सासूची बोलणी खाऊन इतकं बरं वाटेल, असं तिला लग्नानंतर कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी फोन त्यांनीच घेतला. "दाढी केलीस का?"

पलीकडून मुलगा कसाबसा म्हणाला, "आई, अजून एकदा रागव ना."

पुढे थंडी सुरू झाली तेव्हा बाईंचा वर्ग जोरात चालला होता. एक दिवस मागच्या बाकावर कोणी उंच गृहस्थ नर्सताईशी कुजबुजत होते.

"मागे कोण बोलतंय? बोलायचं असेल तर बाहेर!"

गृहस्थ निमूट गप्प बसले. तास संपल्यावर कळलं, हेच ते पाद्री. बाईंनी कपाळावर हात मारला.

"असू द्या," ते हसत म्हणाले. "गणिताच्या तासाला मी शाळेतही बोलणीच खायचो."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आख्खी शाळा आवाजावर हलवणाऱ्या बाई, पण शब्द सापडेना. सून पुढे झाली.

"त्यांच्या मनात काय आहे ते मी सांगते," ती म्हणाली. "तुमच्या गावात सगळ्यांना सांगा, आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालंय."

"सांगतो," पाद्री म्हणाले, "प्रत्येकाला सांगतो." आणि हात न सोडवता ते तसेच उभे राहिले.