उलटा कोपरा

पडद्यावर व्हिएन्नातलं उंच चर्च उमटलं, तशी शकुंतलेनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. शेजारच्या बजाबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"वर बघ की गं. तुजाच नवरा दावतोय."

शाळेच्या मोठ्या वर्गात शरच्चंद्र मॅजिक लँटर्नपाशी उभा राहून एकेक काच सरकवत होता. बर्फाखाली दबलेली छपरं, गोठलेलं कारंजं, राजवाडा. लोक बघत होते आणि एकमेकांना डोळे घालत होते.

आजारी जहागीरदारांचा लेखनिक म्हणून तो ऐन हिवाळ्यात तिकडे गेला होता. जहागीरदार परतीच्या बोटीवर वारले आणि साक्षीला कोणी उरलं नाही. पत्रं यायची तीही जहागिरीच्या कारभाऱ्याच्या थैलीतून, परदेशी तिकिटाशिवाय. गावाला एवढं पुष्कळ झालं. शरच्चंद्राची स्वारी मुंबईच्या धक्क्यावरूनच मागे फिरली आणि हिवाळाभर गिरगावात बहिणीकडे लोळली, असं पेठेतलं शेंबडं पोरही सांगायचं. आणि शाळेत भूगोल शिकवायची जागा त्याला मिळणार की नाही, हे आजच्या व्याख्यानावर ठरायचं होतं.

गावाचं एक सोडा, पण शकुंतलेलाही खात्री नव्हती, आणि तेच तिला जाळत होतं. निघताना तिच्या आईनं आपली इरकली लुगडी फाडून जावयाला गोधडी शिवून दिली होती. आईच्या हातची ती शेवटचीच. जावई परतायच्या आत आई वारली. ट्रंक उघडली तेव्हा गोधडी नव्हती.

"बोटीवर चोरीला गेली," शरच्चंद्र म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला. खोटं बोलताना तो चष्मा पुसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. हे खोटं, तर बाकीचं खरं कशावरून?

"मास्तर," पुढच्या बाकावरून वीरभद्रप्पा म्हणाले. कापडाचे व्यापारी, शाळेच्या पंचांतले. "असली चित्रं मुंबईत इकत मिळतात की."

"काही विकतची आहेत. काही मी स्वतः काढलीत, जहागीरदारांच्या कॅमेऱ्यानं."

"मग त्यात तुमी कुटं दिसत न्हाई?"

"काढणारा कसा दिसेल?"

"व्हय, व्हय. बराबर हाय," वीरभद्रप्पा म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला.

शरच्चंद्राचे कान लाल झाले. घाईघाईत पेटीतली हाताला लागेल ती काच त्यानं सरकवली. चर्चसमोर एक घोडागाडी. मान टाकून उभा असलेला हडकुळा घोडा, आणि त्याच्या पाठीवर पांघरूण.

"अगाई! घोड्यालाबी पांघरूण!" बजाबाई म्हणाली.

शकुंतलेनं वर पाहिलं. पांघरुणाच्या अलीकडच्या दोन्ही कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं होती. एकाचं टोक आत, दुसऱ्याचं बाहेर. 'चारी कोपरे जुळले की दृष्ट लागते गं,' असं म्हणत आई एक कोपरा मुद्दाम उलटा लावायची. शरच्चंद्राचा हात काच काढायला पुढे झाला.

"काढू नका!"

आपण उभ्या आहोत हे तिला बोलून झाल्यावर कळलं. बायकांनी सभेत बोलायची रीत नव्हती.

"ती गोधडी माझ्या आईनं शिवलीय," ती म्हणाली. "तो एक कोपरा बघा, उलटा आहे. तिच्या हातची दुसरी घरी आहे. हवी तर आणून दाखवते."

वीरभद्रप्पा उठले, पडद्याशी गेले आणि नाक लावून बघत राहिले. जन्म कापडात गेलेला माणूस.

"काठ इरकलीच हाय," अखेर ते म्हणाले, आणि गपचूप जागेवर जाऊन बसले.

व्याख्यान संपलं आणि दोघं घरी चालत निघाली.

"म्हातारं जनावर होतं गं. नुसतं थरथरत होतं," शरच्चंद्र म्हणाला. "आईंची गोधडी घोड्यावर घातली, हे तुला कोणत्या तोंडानं सांगणार?"

"आईनं काय म्हटलं असतं ठाऊक आहे? घोड्याला पुरली का हो, म्हणून विचारलं असतं."

तो मोकळेपणी हसला. तीही हसली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

"आणि हो," ती सहज म्हणाली, "तेवढ्या थंडीत मग तुम्ही काय पांघरलंत?"

"जहागीरदारांकडे एक जास्तीची रजई होती," तो म्हणाला, आणि उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसू लागला.