आवाज कुठवर जातो

लग्नात भात कधी टाकायचा, हे मी घड्याळ बघून कधीच ठरवलं नाही. माहेरी परत आल्यावर केशोरीत चाळीस वर्षं मी लग्नांचा भात रांधला. वरात शिवेवर आली की बँडचे बाकीचे सूर वाऱ्यात विरून जायचे. मोठ्या बाजाचा घुमारा तेवढा धानाच्या बांध्यांवरून सरपटत चुलीपर्यंत यायचा. तो तळपायांना कळला की मी आधणात तांदूळ सोडायची.

हा बाजा वाजवायचा माझा धाकटा भाऊ, लीलाधर. बँडवाले या बाजाला सूझाफोन म्हणतात. अंगाभोवती पितळेचा वेढा आणि डोक्यावर उघडलेलं परातीएवढं तोंड. चौदाव्या वर्षी लीलाधर त्या वेढ्यात शिरला, आज सत्तरीला आला.

यंदा जुन्या बाजाचं पितळ जागोजागी फाटलं. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. आमच्या बहिणीचा मुलगा भोजराज आता बँड चालवतो. तिरोड्याच्या इंद्रकुमारनं आपला बँड बंद केला आणि त्याच्याकडे दोन मोठे बाजे विकायला आहेत, असं भोजराजला कळलं. आम्ही तिघं पिकअप घेऊन निघालो. वाटेत भोजराजनं मनातलं सांगून टाकलं. मामाचा दम शाबूत आहे, पण गुडघे गेले. हलका बाजा मिळाला तर मामाच वाजवेल. जड घ्यावा लागला तर तो स्वतः अंगावर घेईल, मामानं मग घरी बसावं. लीलाधर खिडकीबाहेर बघत राहिला. घरी बसून काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

इंद्रकुमारचं घर गावाच्या टोकाला, समोर नुसती शेतं. खाटेवर दोन्ही बाजे मांडले होते. एक पातळ पत्र्याचा, हलका, आरशासारखा. दुसरा जाड पितळेचा, काळवंडलेला, काठाला पोचे आलेला. लीलाधरनं खुर्चीत बसून दोन्ही फुंकले. अंगण दोन्हींनी सारखंच थरथरलं. भोजराजला हलका पसंत पडला.

"अंगणात काय कळते?" लीलाधर म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बाई, तू रस्त्यानं चालत जा. आवाज संपला का थांबजो."

इंद्रकुमार हसला. "काकाजी, बाजा लेना है के बहन को पैदल घर भेजना है?"

मी निघाले. आधी हलका वाजला. धानाच्या गिरणीपर्यंत तो सोबत आला आणि तिथं दिव्यासारखा विझला. मी थांबले, हात वर केला, परत आले.

मग जड बाजा वाजला आणि मी पुन्हा चालू लागले. हा आवाज कानात नव्हताच. तो मातीतून येत होता, चपलेतून, घोट्यातून वर चढत होता. अर्धं धान कापलेलं, अर्धं उभं. दूर वीजघराच्या चिमण्यांचा पांढरा धूर आभाळात झोपल्यासारखा पडलेला. चालता चालता रस्ता केशोरीचा झाला. माय दारात लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत होती. माझे हात हळदीनं पिवळे होते. माझ्या पाठवणीला लीलाधरनं पहिल्यांदा बाजा अंगावर घेतला होता. पोरगा रडत रडत फुंकत होता, म्हणून सूर मधेच तुटत होता. दर तुटीला मी मागं वळून बघत होते. आज सूर तुटत नव्हता, म्हणून मी वळले नाही.

मागून मोटरसायकल आली. इंद्रकुमारची गाडी घेऊन भोजराज माझ्यामागं धावला होता.

"मावशी, कायले चालून राहिली? कालवा आला ना."

समोर खरंच पाणी होतं. गिरणी कधीच मागं पडली होती.

गाडीवर मागं बसल्या बसल्या मी काय सांगायचं ते ठरवलं. अंगणात लीलाधर घामानं भिजून बसला होता, बाजाचं वजन मांडीवर.

"हलकाच घे," मी म्हटलं. "त्याचा आवाज गोड लागते."

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. भोजराजला विचारलं, "कुठं सापडली?"

"कालव्यापाशी."

लीलाधरनं बाजाच्या काठावरून बोट फिरवलं. "तोंडानं काहीही सांग, बाई. पाय कालव्यापर्यंत गेले ना."

जडच घ्यायचा, असं त्यानं भोजराजला सांगितलं. भोजराज मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं मामाच्या खांद्यावरचा वेढा उचलायला हात पुढं केले.

"घरापर्यंत राहू दे," लीलाधर म्हणाला.

परतताना तो मागं पिकअपच्या फळ्यांवर पोत्यांना टेकून बसला, बाजासकट. बसल्या जागी वजन फळ्यांवर जात होतं, गुडघ्यांना त्रास नव्हता. गाव सुटलं तसा तो वाजवू लागला. कापणीच्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या, विळे हातात तसेच, आणि वरात कुठून येते ते शोधू लागल्या. नवेगावच्या जंगलात झाडं आवाज अंगावर घेऊन थोडा थोडा परत देत होती.

मी भोजराजला म्हटलं, गाडी हळू चालव.

तो आधीपासूनच हळू चालवत होता.