आढ्यातला शिवदास

केसरने वल्ह्याच्या टोकाने आढ्याला ढोसलं, तशी वरून भसकन माती, काटक्या आणि अर्धं खाल्लेलं केळं तिच्या डोक्यावर पडलं.

"अवो, उतरा खाली! जरा तरी लाज हाय का न्हाय?"

अंगणात जाळं विणत बसलेल्या शेजारणी फिदीफिदी हसल्या. ओट्यावर तिची सासू ठमाबाई तर हसता हसता खोकायला लागली.

ऊदमांजराला कुणी 'अवो' म्हणतं का! पण केसर तरी काय करणार? आगरदांड्याच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात हे जनावर मुक्कामाला आलं, पिकत घातलेला केळ्यांचा घड त्याने आल्या आल्या फस्त केला, आणि ठमाबाईने त्याचं बारसंच करून टाकलं. नाव ठेवलं शिवदास.

"माजा शिवदास अस्साच," ती ज्याला त्याला सांगे. "माडावर चडायचा, चोरून माडी प्यायचा, आन् दिवसभर पसरायचा."

शिवदास म्हणजे केसरचा नवरा. मोठ्या आगबोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला तिसरी नारळीपौर्णिमा लोटली होती. सुरुवातीला कुणाकुणाच्या तोंडी निरोप आला, बरा हाय म्हणून. मग तेही थांबलं. आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं म्हणजे त्या काळी आक्रीतच! केसर तर साधं 'शिव शिव'सुद्धा म्हणत नसे. देवळात हात जोडले तरी 'महादेवा' म्हणे.

ठमाबाईला मात्र मोकळं रान मिळालं होतं. सकाळपासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "शिवदास, मुडद्या, अंडी ठेव ती!" "शिवदास, कौलं फोडशील रे!" म्हातारी शिव्या द्यायची, पण तोंडावर हसू असायचं. केसरला हसू येत नसे. ते नाव दिवसभर कानांवर पडे आणि दर वेळी तिची नजर खाडीकडे वळे. जनावराने खुडूक कोंबडीखालची अंडी संपवली, तेव्हा तिला निमित्तच मिळालं. शेजारच्या भागोजीला तिने सापळा लावायला सांगितला.

सकाळी ऊदमांजर सापळ्यात गुरगुरत होतं. नाकाला केळं लागलेलं.

"कुठं नेतोस रं त्याला?" ठमाबाईने विचारलं.

"खाडीपल्याड, दिघीला. तिकडं रान हाय."

"मारनार न्हाईस न्हवं?"

"न्हाय गो काकी. सोडून देतो."

ठमाबाई होडीपर्यंत त्याच्या मागे गेली. सापळ्याच्या फटीतून तिने आणखी एक केळं आत सरकवलं.

"पवून यील का रं तो परत?"

"यवढी खाडी? छ्या! आता काय तो येत न्हाय," भागोजी म्हणाला. आपण चांगली बातमी दिली असंच त्याला वाटलं.

केसरने आढं झाडून घेतलं. सरकलेली कौलं बसवून घेतली. नवा घड टांगला. घड पिकला, काळा पडायला लागला, तरी कुणी हात लावला नाही. ठमाबाई ओट्यावर बसायची, मध्येच वर बघायची, तोंड उघडायची आणि मिटायची. पेज पुढ्यात निवून जायची. शेजारणींनी थट्टा केली तरी ती हसेना.

चांगलं केलं की वाईट, हे केसरला कळेना. खाडीकडे बघणं काही थांबलं नव्हतं. उलट घर असं गप्प झालं की तिला भीती वाटायला लागली. त्या नावाने हाक मारावी असं आता घरात कुणी उरलंच नव्हतं.

एके दिवशी दिवेलागणीला तिने घडातली दोन बरी केळी काढली, अंगणातल्या पाट्यावर ठेवली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. पदर सारखा केला. परत सारखा केला.

"शिवदास!"

आवाज चिरकला. मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"शिवदास, ये रे घरी!"

जाळं विणणाऱ्या शेजारणींचे हात थांबले. कुणी हसलं नाही.

दाराची चौकट धरून ठमाबाई बाहेर आली.

"नवऱ्याचं नाव घेतंस गो, केसर?"

"न्हाय, आत्याबाय," डोळे पुसत केसर म्हणाली. "मांजराला हाक मारते."

ठमाबाई सावकाश पायरी उतरली आणि येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"मग जरा मोट्यानं मार, बाय," ती म्हणाली. "खाडी रुंद हाय."