शिशाचं टोक

मी चाबूक बोलतोय. दयामाया शोधायला आला असाल, तर चुकीच्या दारात उभे आहात.

नारीन या डोंगराळ गावच्या एका म्हाताऱ्या कारागिराने चार पदरी कातडं विणून मला घडवलं. आमच्या खेळात दोन संघांचे घोडेस्वार डोकं छाटलेला बोकड एकमेकांकडून हिसकावून आपल्या गोलात टाकतात. तो जमिनीवरून उचलायला स्वार घोड्यावरून खाली वाकला, की मला दातांत धरतो. त्याची थुंकी मला आवडायची नाही. सपकारे मारायला मात्र आवडायचे, खोटं कशाला बोलू.

माझा स्वार कुबात, त्याचे प्रशिक्षक असानकुल उस्ताद. लागोपाठ तीन सामने हरल्यावर उस्तादांनी माझं टोक उसवलं, आत शिशाची गोळी घातली आणि पुन्हा शिवलं. "आता बघू कोण आडवा येतो," ते म्हणाले. मला अंगात बळ आल्यासारखं वाटलं.

सामन्याआधी पंच प्रत्येक चाबकाचं टोक दोन बोटांत चेपून बघतो. त्या दिवशी पंच होता मेदेरबेक, उस्तादांचाच जुना चेला. समोरच्या संघाचे सगळे चाबूक चेपून झाले आणि त्याचा हात माझ्याकडे आला.

"माझ्या पोरांचे पण तपासणार का रे, पंचसाहेब?" उस्तादांनी हसत विचारलं.

मेदेरबेकचा हात तिथेच थांबला. तोच हात छातीवर ठेवून तो उस्तादांपुढे वाकला आणि पुढे गेला.

दुसऱ्या डावात समोरच्या संघाचा एल्दियार बोकड घेऊन सुटला. एकोणीस वर्षांचा होता. कुबातने मला फिरवलं आणि मी थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलो. काय लागलं ते मला लगेच कळलं. मऊ होतं.

शिट्टी वाजली. उस्ताद तरातरा मैदानात आले. "खेळात लागतंच. पोरगं रडकं आहे. कुबातला पाच मिनिटं बाहेर बसव आणि विषय मिटव."

मेदेरबेकने मला कुबातच्या हातातून घेतलं, टोक चेपलं आणि त्याचा चेहरा उतरला. चाकू काढून त्याने शिवण कापली. गोळी गवतावर पडली. त्याने कुबातला बाद केलं, उस्तादांना मैदानाबाहेर काढलं आणि सामना समोरच्यांना दिला.

"तुला घोड्यावर कुणी बसवलं, विसरलास?" उस्ताद म्हणाले.

"नाही विसरलो, उस्ताद. म्हणून तर तपासलं नाही."

अहवालात त्याने उस्तादांच्या नावाखाली स्वतःचंही नाव लिहिलं. उस्तादांवर कायमची बंदी आली. मेदेरबेकला नुसती ताकीद मिळाली, आणि एवढी शिक्षा त्याला स्वतःलाच कमी वाटली.

आता मी पंचांच्या खोलीत खिळ्याला लटकतो. टोक उसवलेलंच आहे, कातड्याला बुरशी आली आहे. गेल्या महिन्यात एल्दियार आला होता, डावी पापणी शिवलेली. त्याने मला खाली काढलं, टोक दोन बोटांत चेपलं आणि मेदेरबेकला विचारलं, "एवढंच करायचं होतं ना, दादा?"

"हो," मेदेरबेक म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

पंचांनो, मला पश्चात्ताप होत नाही, चाबकाला तो होत नसतो. पण समोर गुरू उभा असला, तरी हात मागे घेऊ नका. पोटात काय दडवून बसलोय, ते मी आपणहून कधीच सांगणार नाही.