दोन हिरवे दिवे

निलंग्याच्या सेवा केंद्रात दोन इंटरनेट लायनी एका राउटरला जोडून देण्यात राजशेखरला मिळणार काय होतं? नाव. लातूरच्या इंजिनिअरने ज्याच्यापुढे हात टेकले, ते काम वायरमनकीतून वर आलेल्या, पन्नाशीच्या राजशेखरने दुपारच्या जेवणाआधी उरकलं. राउटरवर दोन हिरवे दिवे लागले, आणि केंद्राचे मालक अमृतराव येईल त्या गिऱ्हाइकापुढे ते दिवे नव्या जावयासारखे मिरवू लागले.

"एक लाईन गेली तर दुसरी हाय! आमच्या अप्पानं केलंय. लातूरच्याला जमलं न्हाई."

राजशेखर ऐकू न आल्यासारखं करून एकेक शब्द ऐकत होता.

साडेचारला कोपऱ्यातल्या संगणकावरून सुकन्या म्हणाली, "मामा, परत बाहेर फेकलं बगा. चौथ्यांदा."

नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज, मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. मोबाईलवर तो उघडत नव्हता, म्हणून पोरगी कासारशिरशीहून एसटीने आली होती.

राजशेखर चहा ठेवून तिच्यामागे उभा राहिला. पाचव्यांदा अर्ज बाहेर फेकला गेला तेव्हा त्याला उमगलं. अर्धा अर्ज एका लायनीवरून जात होता, अर्धा दुसरीवरून. तिकडच्या साईटला वाटायचं, एका नावाने दोघं घुसलेत. ती हाकलून द्यायची. निदान एक वायर उपसली तरी भागलं असतं. त्याने हात पुढे केलाही.

"अप्पा, तुमच्या सेटिंगमधी तर गडबड न्हाई ना?" अमृतरावांनी सहा गिऱ्हाइकांदेखत विचारलं.

हात परत आला. "न्हाई हो. तिकडंच सर्व्हर डाऊन हाय."

सर्व्हर डाऊन म्हटलं की आपल्याकडे पुढे कुणी विचारत नाही.

पाच वाजले. सुकन्याने कागद पिशवीत भरले आणि उलट त्यालाच समजावलं, "जाऊ द्या मामा. तुमी तरी काय करणार? चहा गार झाला की तुमचा."

ती वळताच त्याने सेटिंग बदललं: एका माणसाचं काम एकाच लायनीवरून. दोन मिनिटं लागली. वायर काढावीसुद्धा लागली नाही. दोन्ही दिवे हिरवेच राहिले.

दिवाळीच्या तोंडावर तो एका कापड दुकानात राउटर बसवायला गेला. काउंटरमागे सुकन्या साड्यांच्या घड्या घालत होती.

"मामा, पुढल्या साली परत भरणार हाय. तुमच्याच केंद्रावर. तिथं दोन लायनी हायत न्हवं?"

"हाव," तो शिडीवरूनच म्हणाला. खाली बघितलं नाही.

अमृतरावांना दोन लायनी मिळाल्या, राजशेखरला नाव मिळालं. वर्ष तेवढं सुकन्याने दिलं.